जिभेला तीन पिअर्सिंगची मागणी, झाली दोन: एक प्रकरण अभ्यास

मागणी अशी होती: जिभेच्या मध्यरेषेवर एकामागे एक दोन उभ्या दांड्या (दोन्ही टोकांना बॉल असलेले, टोचून घालायचे धातूचे दागिने) आणि शिवाय अगदी टोकाला एक आडवी दांडी, जिचे दोन बॉल टोकाच्या दोन्ही बाजूंना सापाच्या डोळ्यांसारखे दिसतात. तिन्ही एकाच बैठकीत. मागणारी मुलगी २४ वर्षांची, पुण्यात एका कंपनीच्या ग्राहकसेवेत रोज सात-आठ तास फोनवर बोलणारी. एका जिभेला अनेक पिअर्सिंग करून घेताना जे निर्णय घ्यावे लागतात आणि जे घोळ पुन्हापुन्हा होतात, ते एका ठिकाणी पाहता यावेत म्हणून हे प्रकरण नमुन्यादाखल बांधलं आहे. मुलगी प्रातिनिधिक आहे. मापं, दिवस आणि उपाय मात्र या कामात नेहमी दिसतात तसेच ठेवले आहेत.

शेवटी दोन पिअर्सिंग झाली, अकरा आठवड्यांच्या अंतराने. पहिल्याच्या वेळी दांडी वेळेवर आखूड केली गेली नाही. दुसऱ्याच्या वेळी दांडी सुजेला पुरली नाही. दोन्ही अडचणींचं मूळ दांडीच्या लांबीत होतं. जिभेच्या पिअर्सिंगमध्ये टोचणं काही सेकंदांचं असतं, खरं काम त्यानंतरच्या दोन महिन्यांत लांबी सांभाळण्याचं असतं, आणि दांड्या दोन असल्या की ते दोनदा सांभाळावं लागतं.

टोचण्याआधीची चौकशी

हृदयाच्या झडपेचा आजार किंवा जन्मजात हृदयदोष, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, फिट्स येणं, लॅटेक्सची अ‍ॅलर्जी, जखमेवर जाड व्रण उठण्याची सवय: हे सगळं विचारून झालं, यांपैकी काहीही नव्हतं. हृदयाची झडप खराब असेल तर जीभ टोचायचीच नाही. तोंडातले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात आणि तो संसर्ग जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न वेगळा विचारावा लागतो: सुपारी, मावा, गुटखा, तंबाखू? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सवय गेलेली नाही, आणि सुगंधी सुपारीला तर कुणी व्यसन मानतच नाही. सुपारीमुळे तोंडातली आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. तपासणी सोपी आहे. स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहायचं. जात नसतील किंवा गालाच्या आत पांढरे पट्टे दिसत असतील, तर पिअर्सिंग बाजूला ठेवून आधी दंतवैद्य. या मुलीची तीन बोटं सहज गेली. जेवणानंतर बडीशेप खायची, तीही काही आठवडे बंद करायला सांगितली, कारण दाणे दांडीभोवती अडकतात.

एक छोटी गोष्ट तिने सहज बोलता बोलता सांगितली आणि तीच महत्त्वाची ठरली: साधे कानातले घातले की कान खाजतो, पाणी सुटतं. ही बहुतेक वेळा निकेलची अ‍ॅलर्जी असते. ‘सर्जिकल स्टील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३१६ एल स्टीलमध्येही निकेल १० ते १४ टक्के असतं. म्हणून तिच्यासाठी एएसटीएम एफ १३६ दर्जाचं, म्हणजे शरीरात बसवायच्या वस्तूंसाठीच्या मानकाचं टायटॅनियम ठरलं. त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम असतं, निकेल मिसळलेलं नसतं. दांडीचे आटे आतल्या बाजूला हवेत, म्हणजे आटे बॉलच्या खुंटीवर असतात आणि छिद्रातून जाणारी दांडी पूर्ण गुळगुळीत राहते. बाहेर आटे असलेली स्वस्त दांडी आत जाताना ताज्या जखमेला किसत जाते.

दातांवर कीटण होतं. आधी दंतवैद्याकडून दात साफ करून घे, त्यानंतर आठवडाभराने ये, असं सांगितलं. कीटण म्हणजे जंतूंचा थर. त्याच्या शेजारी उघडी जखम करून मग दिवसातून दहा वेळा गुळण्या करत बसण्यात अर्थ नाही. शिवाय घरात लग्न होतं. पंगतीतलं तिखट-तेलकट, जागरणं आणि पाहुण्यांशी गप्पा हे सगळं सुजलेल्या जिभेला परवडणारं नाही, म्हणून तारीख लग्नानंतरची धरली.

टोकाची आडवी दांडी का नाकारली

जीभ म्हणजे स्नायूंचा गठ्ठा आहे, आणि मधोमध तंतूंचा एक उभा पडदा तिचे डावे-उजवे भाग वेगळे करतो. बोलताना, गिळताना, अन्न दाढांकडे ढकलताना हे दोन भाग वेगवेगळे हलतात. आडवी दांडी दोन्ही भागांना एकत्र बांधून टाकते. जीभ हलली की दांडी दोन्हीकडून ओढली जाते, छिद्रं हळूहळू पृष्ठभागाकडे सरकतात आणि पुष्कळदा दांडी काढावीच लागते. तोवर तिचे बॉल नेमके पुढच्या दातांच्या मागे बसलेले असतात, म्हणजे दात आणि हिरडी दोन्हींना सतत धक्का. दिवसभर बोलून पोट भरणाऱ्या व्यक्तीला तर हे सुचवूच नये. नकार स्पष्ट होता, पुढे कधीतरी बघू असा गुळमुळीत नव्हता.

मग तिने विचारलं, शेजारी-शेजारी दोन उभ्या दांड्या चालतील का? हा प्रकार काही अनुभवी पिअर्सर करतात. पण मध्यरेषेवरच्या पडद्यात रक्तवाहिन्या फारच कमी असतात. मोठी धमनी, शिरा आणि चेतातंतू दोन्ही बाजूंना असतात. बाजूने टोचलं की सुई खऱ्या स्नायूतून जाते. सूज जास्त, दुखणं जास्त, बरं व्हायला वेळ जास्त आणि रक्तवाहिनी सापडण्याचा धोका जास्त. तिच्या कामाचा विचार करता हेही टाळलं. राहिल्या मध्यरेषेवरच्या दोन.

त्या दोन एकाच दिवशी का नाहीत? प्रत्येक छिद्र आपली सूज आणतं, आणि तोंडातली जागा वाढत नाही. एकाच वेळी दोन्ही सुजल्या तर खाणं-पिणं दोन दिवस जवळजवळ थांबतं, आणि काही बिघडलं तर बिघाड कुठल्या छिद्रापासून सुरू झाला हे कळत नाही. शिवाय पहिल्या पिअर्सिंगवरून तिची जीभ किती सुजते हे समजतं आणि दुसऱ्याची लांबी त्या अनुभवावर ठरवता येते. या प्रकरणात तो अनुभव नीट वापरला गेला नाही, ते पुढे येईलच.

जागा: मागची आधी

मध्यरेषेवर दोन दांड्या हव्या असतील तर मापाची सुरुवात जिभेखालून करतात. जीभ वर उचलली की मधे जो पातळ पडदा दिसतो तो जिथे जिभेला चिकटतो, त्याच्या मागे जायचं नाही. तिचं टोकापासून या चिकटण्याच्या जागेपर्यंतचं अंतर २४ मिमी भरलं. हे पुरेसं आहे. १६ मिमीपेक्षा कमी असलं तर जीभ बांधलेली मानतात आणि मग दोन काय, एकसुद्धा अवघड जातं.

मागच्या दांडीचं खालचं तोंड टोकापासून २१ मिमीवर, वरचं तोंड २४ मिमीवर. म्हणजे दांडी वरून थोडी मागे झुकलेली. या झुकावाचा फायदा असा की जीभ तोंडात विसावली की वरचा बॉल टाळूच्या खोलगट भागाकडे जातो, दातांकडे येत नाही. पुढची दांडी वर टोकापासून १२ मिमीवर आणि जवळजवळ सरळ उभी. दोन्हींच्या वरच्या तोंडांत १२ मिमी अंतर राहतं, खाली ९ मिमी. वर ५ मिमीचे आणि खाली ४ मिमीचे बॉल धरले तर ते एकमेकांवर आपटत नाहीत. अंतर याहून कमी असतं तर दोन्ही छिद्रांची सूज एकमेकींत मिसळली असती आणि मधली पट्टी दाबली गेली असती.

मागची आधी करण्याचं कारण व्यवहारी आहे. ती एकट्या पिअर्सिंगसाठीही सर्वांत सुरक्षित जागा आहे. पहिल्यानंतर तिचा विचार बदलला, तरी जे आहे ते योग्य जागीच असेल. पुढची आधी केली आणि नंतर मागची जमली नाही, तर दातांच्या सर्वांत जवळची, सर्वांत त्रासदायक दांडी एकटीच उरते.

खूण करतानाही घाई करू नये. जीभ ओढून धरलेली असताना केलेली खूण जीभ सोडली की दुसरीकडेच जाते. जीभ गॉझने कोरडी करून जेन्शियन व्हायोलेट या जांभळ्या औषधी रंगाचा ठिपका द्यायचा, तिला तोंड मिटायला, गिळायला, चार वाक्यं बोलायला लावायचं आणि मग आरशात पाहायचं. तिचा पहिला ठिपका मध्यरेषेच्या एक मिमी डावीकडे गेला होता. तो पुसून पुन्हा दिला. खालची खूण टॉर्चच्या उजेडात, दोन्ही बाजूंच्या निळ्या शिरा नीट पाहून, त्यांच्या मधोमध.

पहिलं पिअर्सिंग

दांडी १४ गेज, म्हणजे १.६ मिमी जाडीची. विश्रांतीत तिची जीभ त्या जागी १२ मिमी जाड होती. त्यात सुजेसाठी ८ मिमी धरून लांबी २० मिमी घेतली. दांडी, सुई, चिमटा आणि गॉझ पाऊचमध्ये बंद करून ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून काढलेले. १२१ अंश सेल्सियसला १५ पौंड दाबाखाली, पाऊचमधल्या सामानाला ३० मिनिटं. पाऊचवरची पट्टी रंग बदलते म्हणजे उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू खरोखर मेले का हे चिवट जंतूंच्या बीजाणूंवर ठराविक काळाने केलेल्या चाचणीवरूनच समजतं. गिऱ्हाइकाने स्टुडिओत ती नोंद मागायला अजिबात संकोचू नये.

इथे सुईबद्दल बोलायला हवं, कारण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दवाखान्यातला आयव्ही कॅन्युला, म्हणजे सलाईन लावायची शिरेतली नळी-सुई, वापरतात. दागिन्यांचं गेज आणि वैद्यकीय सुयांचं गेज ही दोन वेगळी मापं आहेत. दागिन्यांचं १४ गेज १.६ मिमी असतं, तर केशरी रंगाचा १४ गेज कॅन्युला २ मिमीहून थोडा जाड असतो. आकडा सारखा दिसतो म्हणून तो वापरला तर छिद्र दांडीपेक्षा मोठं होतं, दांडी सैल राहते आणि रक्त जास्त वेळ झिरपतं. १.६ मिमीच्या दांडीजवळ जाणारा कॅन्युला करड्या रंगाचा, १६ गेजचा. या प्रकरणात पिअर्सिंगची पोकळ १४ गेज सुईच वापरली. कान टोचायच्या बंदुकीचा आणि सोनाराच्या तारेचा जिभेशी काही संबंध नाही. बंदूक ऑटोक्लेव्ह होत नाही, तिचा खिळा जिभेच्या जाडीला पुरत नाही, आणि बोथट टोक स्नायू कापत नाही, चिरडतं.

टोचण्याच्या दोन तास आधी पोटभर, पण साधं जेवण. रिकाम्या पोटी चक्कर येते. अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशने ३० सेकंद गुळणी. चिमट्यात जीभ अलगद धरून सुई खालून वर नेली, कारण शिरा खाली असतात आणि जिथे धोका आहे ते तोंड डोळ्यांसमोर हवं. सुईच्या मागोमाग दांडी, मग बॉल घट्ट. रक्ताचे चार-पाच थेंब आले, गॉझ दोन मिनिटं दाबल्यावर थांबले. बधिर करणारं जेल लावलं नाही. ते जिभेच्या आतपर्यंत पोचत नाही, घसा मात्र बधिर करू शकतं.

पहिले दहा दिवस

सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत जास्त असते, आणि तसंच झालं. चौथ्या दिवशी बॉल आणि जीभ यांत जेमतेम एक मिमी अंतर उरलं होतं. २० मिमीची निवड बरोबर होती, पण अगदी काठावर. ही नोंद कागदावर झाली होती, हे लक्षात ठेवा.

थंडावा हा पहिला उपाय. बर्फाचे छोटे तुकडे चघळायचे नाहीत, तोंडात विरघळू द्यायचे. झोपताना उशी उंच. आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ, काहीतरी खाऊन, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, पहिले तीन दिवस, तेही दमा, जठराचा व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर आणि औषधवाल्याला विचारून. अ‍ॅस्पिरिन नाही, त्याने रक्त वाहतं राहतं. पावसाळ्यात पिअर्सिंगनंतर ताप आला तर आयब्युप्रोफेन लगेच बंद करून डॉक्टर गाठायचा. डेंग्यू असेल तर ही गोळी घातक ठरते.

स्वच्छतेसाठी मेडिकलमध्ये मिळणारी ०.९ टक्के सलाईनची बाटली सर्वांत सोपी आणि स्वस्त. घरी करायचं तर उकळून कोमट केलेल्या २५० मिली पाण्यात पाव चमचा साधं मीठ. यापेक्षा खारट पाणी जास्त काम करत नाही, उलट जखम कोरडी करून चिडवतं. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना ३० ते ६० सेकंद, दिवसातून चार-पाच वेळा, बस. पाचव्या दिवशी तिची जीभ पिवळट पांढरी झाली. विचारल्यावर कळलं की घरच्यांच्या सांगण्यावरून दर तासाला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा माउथवॉश चालू होता. तो दीर्घकाळ आणि वारंवार वापरला तर चव बदलते, दात-जीभ तपकिरी होतात आणि जखम भरायला उशीर होतो. बंद केल्यावर तीन-चार दिवसांत रंग सुधारला. हळदीचा लेप, तुरटीच्या गुळण्या, लवंगेचं तेल, टाकणखार आणि ग्लिसरीन हेही घरातून सुचवलं गेलं होतं. काळजीपोटीच सुचवतात, पण यातलं काहीही उघड्या छिद्रावर नको. हळदीचे कण आत अडकतात, तुरटी त्वचा आवळते, लवंगेचं तेल भाजतं.

खाणं: थंड ताक, दही-भात, तूप घातलेला मऊ वरण-भात फोडणीशिवाय, गार केलेली नाचणीची आंबील, केळं, शहाळ्याचं पाणी. लहान घास थेट दाढांवर ठेवायचा आणि जीभ शक्य तितकी सपाट. साबुदाण्याची खिचडी मऊ असते म्हणून खावीशी वाटते, पण दाण्याचं कूट दांडीभोवती बसतं आणि साबुदाणा बॉलखाली चिकटतो. भाकरी, चिवडा, ठेचा, मिसळ दोन आठवडे नाही. चहा कोमट. दारू, सिगारेट नाही. चुंबन आणि मुखमैथुन जखम भरेपर्यंत नाही, कारण दुसऱ्याची लाळ आणि द्रव उघड्या जखमेत जातात. टूथब्रश नवा, मऊ.

छिद्रातून पांढरट लस येते आणि दांडीवर सुकते. तो पू नाही. पू दाट, पिवळा-हिरवा, वास येणारा असतो आणि सोबत ठणका असतो. ताप, हनुवटीखाली कडक सूज, गिळता न येणं, लाळ गळणं, जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटणं यांतलं काहीही दिसलं तर पिअर्सरला फोन करत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. तोंडाच्या तळाचा संसर्ग काही तासांत श्वास अडवू शकतो. आणि दांडी स्वतः काढू नये: छिद्राची तोंडं मिटतात आणि पू आत कोंडतो.

आखूड करणं राहिलं

तिला अठराव्या दिवशी दांडी बदलायला बोलावलं होतं. दुखत नव्हतं, सूज उतरली होती, ऑफिस सुरू झालं होतं. ती आली पाचव्या आठवड्याच्या शेवटी.

तोवर २० मिमीची दांडी १२ मिमीच्या जिभेत आठ मिमी मोकळी हलत होती. परिणाम तीन. खालच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याएवढा लालसर फुगवटा आला होता, कारण दांडी वर-खाली सरकून तिथली नवी त्वचा सतत घासत होती. खालच्या मधल्या दोन दातांच्या मागे हिरडीवर लाल ठिपका होता, नेमका खालचा बॉल टेकतो तिथे. आणि तिला सवय लागली होती: विचार करताना दांडी दातांमध्ये धरून हलवायची. तिसरी गोष्ट सर्वांत चिवट. २००२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन वर्षं किंवा जास्त काळ लांब दांडी वापरलेल्यांपैकी निम्म्यांची खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी खाली सरकलेली आढळली. सरकलेली हिरडी आपोआप परत वर येत नाही.

दांडी १४ मिमीची केली. बदलताना जुनी दांडी ओढून काढून मग नवी शोधत बसायचं नाही. आट्यात बसणारी निमुळती पिन जुन्या दांडीच्या मागे लावून, त्या मागोमाग नवी सरकवायची, म्हणजे छिद्र एक क्षणही रिकामं राहत नाही. फुगवट्यावर काही लावलं नाही. घासणं थांबलं, सलाईन दिवसातून दोनदा चालू ठेवलं, दोन आठवड्यांत तो बसला. हिरडीचा ठिपका दंतवैद्याने पाहिला. हिरडी सरकलेली नव्हती. दांडी चावायची सवय मोडण्यासाठी ऑफिसमध्ये तिने हेडसेटच्या वायरीवर लाल टेप चिकटवली, ती दिसली की जबडा सैल. त्याचा उपयोग झाला.

दुसरं पिअर्सिंग आणि आखूड पडलेली दांडी

दुसऱ्यासाठी अट एकच: पहिलं छिद्र सलग तीन आठवडे लस, दुखणं, फुगवटा यांच्याशिवाय असायला हवं. म्हणून तारीख अकराव्या आठवड्यात पडली. त्या दिवशी मागचं छिद्र रिकामं ठेवलं नाही, पण तिथल्या १४ मिमीच्या दांडीऐवजी १६ मिमीची तात्पुरती दांडी घातली. नव्या छिद्राची सूज जुन्या जागेपर्यंत पोचते, आणि १४ मिमीची दांडी तिथे घट्ट झाली असती. ही पायरी बरेच पिअर्सर विसरतात.

पुढच्या जागी जीभ ९ मिमी जाड होती. तिथे १६ मिमीची दांडी घेतली, म्हणजे सुजेसाठी ७ मिमी. पुढचा भाग पातळ, म्हणून सूज कमी येईल असा हिशेब होता. पहिल्या वेळी ८ मिमीतले सात वापरले गेले होते ही नोंद पाहूनही एक-दोन मिमी जास्त घेतले नाहीत, आणि तिने या वेळी सुट्टी फक्त एका दिवसाची घेतली. दुसऱ्या दिवसापासून सात तास फोन. चौथ्या दिवशी सकाळी वरचा बॉल जिभेत रुतू लागला होता, कडेची त्वचा त्याच्यावर चढत होती.

बॉलभोवती उथळ खळगा पडणं वेगळं आणि बॉल गिळला जाणं वेगळं. खळगा बरेचदा पडतो, कायम राहतो, त्याचा त्रास नसतो. पण बॉलचा वरचा अर्धा भाग दिसेनासा होत असेल तर त्याच दिवशी लांब दांडी घालायला हवी. दोन दिवस थांबलं तर त्वचा वरून जुळते आणि मग डॉक्टरांनी छेद देऊन काढावी लागते. तिने फोटो पाठवला, दुपारी बोलावून २० मिमीची दांडी घातली. खालचा बॉल सोडवून, खालूनच पिनच्या आधाराने नवी वर नेली. दहा मिनिटं दुखलं, थोडं रक्त आलं. तीन दिवस बोलणं बंद, बर्फ, दहा दिवसांत सूज गेली. या वेळी ती अठराव्या दिवशी वेळेवर आली. पुढे १२ मिमी आणि मागे पुन्हा १४ मिमी. दीड महिन्याने पुढच्या दांडीवर बॉलऐवजी ३ मिमीची चपटी चकती बसवली, कारण दातांना सर्वांत जवळ तीच आहे.

प्लास्टिकचे रंगीत बॉल तिला हवे होते. ते दातांना मऊ असतात हे खरं, पण चावले की तडकतात, आणि तुटका तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. तिला टायटॅनियमचाच रंग चढवलेला बॉल दिला. रोज रात्री धुतलेल्या हातांनी दोन्ही बॉल घट्ट आहेत का पाहायचे. गिळलेला बॉल बहुतेक वेळा आपोआप पोटातून बाहेर जातो. गिळल्यानंतर खोकला थांबत नसेल तर मात्र लगेच रुग्णालय.

उच्चार

सुजेच्या काळात स आणि श जाड येतात, ते सगळ्यांचंच होतं. मराठी बोलणाऱ्याला खरी अडचण ट, ठ, ड, ढ, ण आणि विशेषतः ळ यांची. हे उच्चारताना जिभेचं टोक वर वळून मागे जातं; ळ ला तर टोकाची खालची बाजू टाळूला लागते. पुढची दांडी नेमकी त्या वळणात येते. लांब दांडी असेपर्यंत ‘वेळ’ आणि ‘वेल’ फोनवर सारखे ऐकू येत होते, आणि तक्रार नोंदवणाऱ्या गिऱ्हाइकांना दोनदा विचारावं लागत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन, सावकाश, आरशासमोर. दांडी १२ मिमीची झाल्यावर चार दिवसांत ळ जागेवर आला. चपटी चकती लागल्यावर ट-वर्गातला किंचित टकटक आवाजही गेला. उच्चार महिन्याभराच्या पुढेही अडखळत राहिला तर सरावापेक्षा आधी दांडीची लांबी तपासावी.

सहा महिन्यांनंतर

दोन्ही छिद्रं आतून गुळगुळीत झाली आहेत, लस नाही, चव आणि संवेदना पूर्ववत. तरीही दांडी काही तास बाहेर राहिली तर छिद्र आवळतं. म्हणून दातांच्या ओपीजी (पूर्ण जबड्याच्या) एक्स-रेसाठी किंवा भुलीच्या शस्त्रक्रियेसाठी काढायची वेळ आली, तर धातू नसलेली तात्पुरती दांडी सोबत ठेवायला सांगितलं आहे, आणि डॉक्टर तीही नको म्हणाले तर तेही मान्य करायचं. रक्तदान ती नेमाने करायची; दुसऱ्या पिअर्सिंगपासून बारा महिने थांबायचं.

दंतवैद्याने खालच्या चार पुढच्या दातांच्या मागची हिरडी मोजून आकडे लिहून ठेवले आहेत. हे मोजमाप पिअर्सिंगच्या आधीच व्हायला हवं होतं. नंतरच्या आकड्यांना तुलनेसाठी तेवढंच एक खरं माप असतं. इथून पुढे दर सहा महिन्यांनी तेच दात मोजले जातील. हिरडी एक मिमीने जरी खाली गेलेली दिसली तर पुढची दांडी काढायची, मागची ठेवायची की नाही ते त्यानंतरच्या मोजमापावर पाहायचं. हे तिने आत्ताच लिहून दिलं आहे.